उन्हाळ्यात लाकडी जहाजाच्या पट्ट्या उकलतात : फट भरण्याआधी काय काय तपासायचं

उन्हं तापली की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरकडून एकच तक्रार येते : ‘भाऊ, जहाज फाटी गयं!’ सोबत फोटो असतो, त्यात हौसेने घरी बांधलेली, शोकेसमध्ये ठेवलेली गलबताची नाहीतर गुराबेची (जुन्या लढाऊ जहाजाची) छोटी लाकडी प्रतिकृती, आणि तिच्या कुशीतून, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांमधून, लांबच लांब काळी रेघ. पुढचा प्रश्नही ठरलेला : कुठली लांबी (पुट्टी) भरू?

उत्तर : आत्ता काहीच भरू नका. मे महिन्यात भरलेली फट ऑगस्टमध्ये पट्टी उचकटून दाखवते. आधी कारण शोधा. बरीचशी तपासणी फुकटात होते.

लक्षणं

तुमच्या जहाजाला यातलं नेमकं काय झालंय ते आधी ठरवा. वरवर सगळं ‘फाटलं’ असंच दिसतं, पण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

• दोन पट्ट्यांच्या मधोमध, लांबीच्या दिशेने केसाएवढ्या रेघा. बऱ्याच ठिकाणी, पण सगळ्या बारीक.
• बाकी जोड घट्ट, आणि एकाच ठिकाणी मोठी फट. कधी कधी नख आत जाईल एवढी.
• पट्टीचं टोक नाळेपाशी (जहाजाच्या पुढच्या टोकाला) किंवा पिछाडीला सुटून वर आलेलं.
• पावसाळ्यात पट्ट्या फुगून उंचसखल झालेल्या, बोट फिरवलं की पायऱ्या लागतात.
• डोलकाठी एका बाजूला ओढली गेलेली, किंवा दोर लोंबलेले.
• पट्टी जोडावर न उकलता मध्येच, लाकडाच्या रेषांच्या बाजूने चिरलेली.
• जहाजाखाली मैद्यासारखी पूड, आणि लाकडाला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं.
• तोफा, नांगर असल्या धातूच्या भागांवर पांढरी भुकटी.

शेवटची दोन लक्षणं दिसली तर मधलं सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा. तो घरगुती दुरुस्तीचा विषय नाही.

मुळात होतं काय

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतला की फुगतं, सोडला की आकसतं. पण हे फुगणं-आकसणं जवळपास सगळं रुंदीत होतं. लांबीत लाकूड इतकं कमी हलतं की आपल्या कामात ते सोडून दिलं तरी चालतं. म्हणून फटी पट्ट्यांच्या कडांना पडतात, टोकांना पडत नाहीत. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे निदानाला उपयोगी पडेल.

आता आपल्याकडची हवा बघा. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा लाकडात साधारण १५-१६ टक्के ओलावा मुरतो. मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ वर आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. अशा हवेत लाकूड फार दिवस राहिलं तर ओलावा ४-५ टक्क्यांवर येतो. घरातलं लाकूड सहसा इतक्या टोकाला जात नाही, म्हणून फरक ९ टक्क्यांचाच धरू. सागवानाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी तेवढ्याने ०.०८ मिलिमीटरच्या आसपास आकसते. किटमध्ये (जहाज बांधायच्या तयार संचात) येणारं पांढरट, मऊ बासवूड असेल तर ०.१५ मिलिमीटर. आकडे किरकोळ वाटतात, पण एका बाजूला अशा २० पट्ट्या आहेत. म्हणजे एका कुशीत सागवानाला दीड-पावणेदोन मिलिमीटर, बासवूडला ३ मिलिमीटरची तूट.

ही तूट कुठेतरी दिसणारच. आतले बल्कहेड, म्हणजे ज्यांच्यावर पट्ट्या चिकटवतात त्या सांगाड्याच्या आडव्या फळ्या, प्लायचे असतात. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते जवळपास हलत नाही. सांगाडा जागच्या जागी आणि कातडी आकसतेय, असा हा मामला. सगळे जोड सारख्याच ताकदीचे असतील तर तूट वाटली जाते आणि केसाएवढ्या रेघा दिसतात. पट्ट्या एकमेकींना कडेने जबरदस्त चिकटवल्या असतील, तर सगळी तूट जिथे गोंद कमी पडलाय त्या एका जोडावर जाऊन साठते आणि तिथे भगदाड पडतं. कुठलाच जोड सुटला नाही तर पट्टीच चिरते. म्हणून ‘मी तर भरपूर गोंद लावला होता’ हा बचाव होत नाही. कडेला भरपूर गोंद लावल्यामुळेच कधी कधी एकच मोठी फट पडते.

खऱ्या जहाजाची गोष्ट वेगळी. ते पाण्यात असतं, फळ्या भिजून फुगतात आणि एकमेकींवर दाबून बसतात. किनाऱ्यावर बरेच दिवस ओढून ठेवलेली होडीही उकलते, आणि पाण्यात सोडली की दोन-चार दिवसांत पुन्हा आवळते. आपलं जहाज कायम किनाऱ्यावरच. त्यातून आपला किनारा तापीकाठचा, समुद्र पार सुरतेपलीकडे.

तपासणी १ : जहाज ठेवलंय कुठे

खर्च शून्य. तरीही ही तपासणी सगळेच टाळतात, कारण शोकेसची जागा बायकोने नाहीतर आईने ठरवलेली असते.

बघायच्या गोष्टी : पश्चिमेची खिडकी आहे का, दुपारी तीननंतर ऊन थेट पडतं का. जहाज टीव्हीच्या, इन्व्हर्टरच्या किंवा फ्रिजच्या डोक्यावर आहे का. वर पत्रा आहे की स्लॅब. शोकेसमध्ये जुना पिवळा हॅलोजन दिवा आहे का. त्या दिव्याखाली हात धरून बघा, चटका लागला तर लाकडालाही तो रोज लागतोय.

आणि कूलर. खान्देशातल्या जहाजांचा खरा शत्रू ऊन नाही, कूलर आहे. दुपारी कूलर चालू झाला की खोलीतली आर्द्रता बघता बघता २० वरून ६० टक्क्यांवर जाते. संध्याकाळी खिडक्या उघडल्या, किंवा लाईट गेली, की परत खाली. एक-दीड मिलिमीटर जाडीची पट्टी हा फरक काही तासांत पकडायला लागते. लाकूड नुसतं कोरडं राहिलं तर एकदा आकसून गप्प बसतं. रोज फुगलं आणि रोज आकसलं की गोंदाचा जोड थकतो. कूलरच्या झोतात जहाज असेल तर आजच हलवा. सगळ्यात बरी जागा म्हणजे घराच्या मधल्या खोलीतली, बाहेरच्या भिंतीला न लागलेली, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीची.

जागा बदलून आठवडाभर थांबा. फटीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक खूण करून तारीख टाका. वाढते की थांबते, ते कळायला दुसरा उपाय नाही.

तपासणी २ : कागदाने फट मोजा

झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, वर्तमानपत्राचा त्याहून पातळ, व्हिजिटिंग कार्ड ०.३ च्या आसपास. या तिन्हींच्या पातळ चिरफळ्या कापा आणि फटीत सरकवून बघा. फूटपट्टी इथे उपयोगाची नाही.

वर्तमानपत्रही जात नाही, नुसती रेघ दिसते : हे आकसणं आहे, मोडतोड नाही. झेरॉक्सचा कागद जातो : तेही अजून हवामानाच्या हिशोबात बसतं. व्हिजिटिंग कार्ड आरामात जातं : एक तर सगळी तूट तिथे साठली आहे, नाहीतर पट्टी बल्कहेडवरून सुटली आहे. कुठलं ते ओळखायला फटीशेजारची पट्टी अंगठ्याने हलकेच दाबा. दबली, किंवा ‘टक्’ असा बारीक आवाज आला, तर खालचा गोंद गेलाय.

मग फट कुठे आहे ते बघा. कडेला असेल तर ओलाव्याचं प्रकरण. दोन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडल्या असतील आणि ती टोकं उघडली असतील, तर ते हवामानाने झालेलं नाही, कारण लाकूड लांबीत आकसत नाही. तिथे वाकवलेली पट्टी परत सरळ व्हायला बघते आहे. थेट तपासणी ६ कडे जा.

तपासणी ३ : दोर

डोलकाठी वाकली असेल तरच हे वाचा. सुती दोरा ओलाव्याने आवळतो आणि कोरड्यात सैल पडतो. मे महिन्यात दोर लोंबतात म्हणून कुणी ते ताणून पक्के बांधतं, आणि जुलैत तेच दोर डोलकाठी ओढून वाकवतात. कापसाच्या मुलखात राहून हे सांगायला बरं वाटत नाही, पण दोरासाठी पॉलिस्टरचा धागा घ्या. सुतीच हवा असेल तर मेणाच्या वडीवरून ओढून घ्या आणि कधीही ताठ बांधू नका.

तपासणी ४ : आर्द्रता मोजा, आणि पिशवीची कसोटी

डिजिटल हायग्रोमीटर चार-पाचशे रुपयांच्या आत मिळतो. जहाजाशेजारी ठेवा, सकाळी सात, दुपारी चार आणि रात्री दहाचे आकडे आठवडाभर लिहा. सरासरीपेक्षा चढउतार महत्त्वाचा आहे. दिवसभरात १० टक्क्यांचा फरक लाकूड सोसतं. ३०-४० टक्क्यांचा दिसला तर कारण सापडलं, आणि ते जहाजात नाही, खोलीत आहे.

आता या सगळ्या यादीतली माझी सगळ्यात आवडती कसोटी. जहाज मावेल एवढी मोठी स्वच्छ प्लास्टिकची पिशवी किंवा झाकणाचा डबा घ्या. कोपऱ्यात वाटीत ओला, पिळलेला फडका ठेवा. तो जहाजाला लागता कामा नये. हायग्रोमीटर आत ठेवा. आकडा ६०-६५ वर आला की फडका काढा किंवा लहान करा. ७० च्या वर जाऊ देऊ नका, बुरशी धरते. दोन-तीन दिवसांनी बघा.

फट मिटली? मग तुमच्या जहाजात काहीही तुटलेलं नाही. लाकूड, गोंद, सांगाडा सगळं ठीक आहे, फक्त हवा कोरडी आहे. अशा फटीत लांबी भरणं म्हणजे चांगल्या जहाजात पाचर ठोकणं. काम इथेच थांबवा, जागा सुधारा.

फट अर्धीच मिटली किंवा जशीच्या तशी राहिली, तर पुढे चला.

तपासणी ५ : गोंद

पांढरा फेव्हिकॉल आतलं पाणी उडून आणि लाकडात मुरून बसतो. मे महिन्यात भर दुपारी पंख्याखाली काम केलं तर दोन गोष्टी होतात : गोंदावर मिनिटा-दोन मिनिटांत साय धरते, आणि खडखडीत कोरडं लाकूड त्यातलं पाणी झटकन ओढून घेतं. पट्टी दाबेपर्यंत खाली ओला गोंद उरलेलाच नसतो. जोड वरून चिकटल्यासारखा वाटतो, पहिल्या ताणाला सुटतो.

ओळखायचं कसं? सुटलेल्या पट्टीची खालची बाजू बघा. गोंदाचा थर चकचकीत, गुळगुळीत, त्याला लाकडाचा एकही तंतू चिकटलेला नाही, तर तो आधीच सुकला होता. तंतू उपटून आले असतील तर गोंद चांगला होता, ताण जास्त होता.

क्षणात चिकटणाऱ्या ट्यूबचा गोंद पट्टी जागेवर धरायला उत्तम, पण तो ठिसूळ असतो. फुगण्या-आकसण्याचा ताण त्याला वर्षानुवर्षं झेपत नाही. बल्कहेडवर एखादा थेंब त्याचा आणि बाकी पांढरा गोंद, हे मिश्रण चालतं. सगळं जहाज ट्यूबवर बांधलं असेल तर पट्ट्या एकामागोमाग सुटतील, अशी मनाची तयारी ठेवा.

उन्हाळ्यात चिकटवायचंच असेल तर सकाळी सातच्या आत, पंखा बंद करून, दोन्ही बाजूंना पातळ थर लावून, एका वेळी एकच पट्टी. चिमटे अर्धा तास, पण जोडावर जोर चोवीस तासांनंतरच.

तपासणी ६ : पट्टी कशी वाकवली होती

मोठ्या फटींचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. इथे जरा सविस्तर लिहितो.

नाळेपाशी पट्टीला चांगलंच वळण घ्यावं लागतं, म्हणून ती भिजवतात. भिजवली की पट्टी रुंदीत फुगते. घाईत ती ओलीच चिकटवली तर जोड त्या वेळी सुरेख बसतो, दोन दिवसांनी पट्टी वाळते, आणि फट पडते. यात हवामानाचा काही दोष नाही. ही फट पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. उपाय साधा आहे : पट्टी भिजवा, वळवा, गोंद न लावता सांगाड्यावरच चिमट्यांनी आणि टाचण्यांनी बांधून रात्रभर वाळायला सोडा. सकाळी काढा. तिने वळण धरलेलं असेल आणि रुंदीही मूळची झालेली असेल. मग गोंद लावा. टाचणी पट्टीतून आरपार ठोकू नका, कडेला लावून तिच्या डोक्याने पट्टी दाबा. आरपार ठोकलं की आपल्या हवेत नेमकी त्या भोकातून चीर सुरू होते.

वळण खरं उष्णतेने येतं, पाणी फक्त मदतीला असतं. वाफाळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवलेली पट्टी गरम इस्त्रीच्या कडेवर किंवा जाड सोल्डरिंग आयर्नच्या नळीवर हळूहळू ओढली की बोटांना कळतं : सुरुवातीला पट्टी ताठ असते, स्प्रिंगसारखी मागे उसळते, आणि एका क्षणी तिचा विरोध एकदम सुटतो. तो क्षण येईपर्यंत जोर लावायचा नाही. जोराने वळवलेली पट्टी गोंदावर बसते, पण परत सरळ होण्याची ओढ सोडत नाही, आणि पहिला कडक उन्हाळा आला की टोक वर येतं.

दुसरी खोट निमुळतेपणाची. जहाज मध्ये फुगीर आणि नाळेकडे बारीक असतं. मधल्या बल्कहेडच्या कडेवर २० पट्ट्या मावतात, तेवढ्याच नाळेच्या आखूड कडेवरही मावायला हव्यात. म्हणून प्रत्येक पट्टी नाळेकडे रंध्याने किंवा कटरने निमुळती करावी लागते. ती न करता पट्टी कडेवर आडवी वाकवून दाबून बसवली तर तिची एक कड उचलून राहते. निमुळती करताना पट्टी अर्ध्या रुंदीपेक्षा बारीक करू नका, टोक कमकुवत होतं. तेवढी जागा नसेल तर एक पट्टी आधीच संपवा आणि शेजारच्या दोघींना एकत्र आणा. पिछाडीला उलट असतं, तिथे जागा उरते आणि पाचरीसारखी जास्तीची पट्टी घालावी लागते.

कडांना हलका उतारही हवा. गोलाईवर दोन चौकोनी कडा शेजारी ठेवल्या तर आत टेकतात आणि बाहेर उघड्या राहतात. ती बाहेरची उघडी जागा घासून घासून लपवलेली असते, आणि लाकूड आकसलं की उघडी पडते.

तपासणी ७ : लाकूड कुठलं, किती ओलं

वखारीतून आणलेलं नवं सागवान दिसायला कोरडं असतं, आत ओलं असू शकतं. खिशात मावणारा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा स्वस्तात मिळतो. जळगाव सोन्याच्या बाजाराचं गाव, काटा मागायला लाजू नका. त्याच लाकडाचा बोटभर तुकडा तोला, घरच्या ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवून दर तासाने तोलत राहा. वजन उतरायचं थांबलं की ते कोरडं वजन. उदाहरणार्थ १२.६ ग्रॅमचा तुकडा ११.२ वर थांबला, तर १.४ ला ११.२ ने भागा : ओलावा साडेबारा टक्के. आपल्याकडे बांधणीला ८ ते १० टक्क्यांचं लाकूड बरं. ओव्हन नसेल तर पट्ट्या कामाच्या खोलीत, मध्ये काड्या ठेवून मोकळ्या रचा आणि दर दोन दिवसांनी एकच पट्टी तोला. आठवडाभर आकडा हलला नाही की लाकूड खोलीशी जुळलं.

लाकडाच्या जातीत सागवानाला तोड नाही. ते हलतंही कमी आणि टिकतंही. मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलेलं, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. पण नव्या लाकडापेक्षा पाडलेल्या वाड्याच्या दारं-खिडक्यांचं जुनं सागवान मिळालं तर तेच घ्या. कापताना खिळा आडवा येणार नाही, एवढं बघून घ्या.

एकाच झाडाच्या दोन पट्ट्याही सारख्या वागत नाहीत. पट्टीच्या टोकाकडून बघा : वाढीच्या रेघा पट्टीच्या रुंदीला उभ्या असतील तर ती कमी आकसते, आडव्या पसरल्या असतील तर जवळपास दुप्पट. उभ्या रेघांच्या पट्ट्या पाण्याच्या रेषेच्या वर, जिथे नजर जाते तिथे वापरा. बाकीच्या खाली.

तपासणी ८ : पॉलिश फक्त बाहेरून?

बहुतेक जहाजं बाहेरून चकाचक आणि आतून कोरी असतात. मग पट्टी आतल्या बाजूने ओलावा पटकन घेते-सोडते, बाहेरच्या बाजूने हळू. तेवढ्याने ती पन्हळीसारखी वाकते. डेक बसवण्याआधी आतून चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) किंवा सँडिंग सीलरचा एक हात फिरवला की हे बरंच कमी होतं. पॉलिशने ओलावा थांबत नाही, त्याचा वेग कमी होतो. आपल्याला तेवढंच हवं असतं. नुसतं जवसाचं तेल दिसायला छान, पण ओलावा अडवण्यात कच्चं. चपडा पावसाच्या दिवशी मारू नका, पांढरट डाग धरतो.

तपासणी ९ : सांगाडा

सगळ्यात शेवटी, कारण इथे दोष निघाला तर इलाज जड आहे. स्टँडवरून जहाज काढा, नाळेपासून पिछाडीपर्यंत कण्याच्या (तळाच्या मधल्या लांब लाकडाच्या) खाली दोरा ताणून धरा, मग जहाज ओट्याच्या सपाट ग्रॅनाइटवर ठेवून नजर लावा. कणा मधेच एका बाजूला गेलाय किंवा पिळला गेलाय? बल्कहेड एकमेकांपासून फार दूर आहेत का, की मध्ये पट्ट्यांना आधारच नाही? किटमधला कणा एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) असेल तर कडा फुगल्यात का बघा. एमडीएफ ओलावा पिऊन जाडीत फुगलं की पूर्ववत होत नाही.

मग दुरुस्ती कधी आणि कशी

दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. या दिवसांत लाकडातला ओलावा उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या मध्ये कुठेतरी असतो, म्हणून इथे बसवलेली पट्टी दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धीच हलते. नवी बांधणीही याच दिवसांत केली तर ही अर्धी यादी लागणारच नाही.

केसाएवढ्या रेघा तशाच राहू द्या. फारच डोळ्यात खुपत असतील तर लाकडाच्या रंगाचं मधमाश्यांचं मेण बोटाने चोळून भरा आणि फडक्याने पुसा. मेण मऊ असतं, पट्टी फुगली की दबून बाहेर येतं. कार्ड जाईल एवढी फट असेल तर त्याच लाकडाची निमुळती काप करून, रेषा लांबीच्या दिशेने ठेवून, एकाच कडेला गोंद लावून बसवा. दोन्ही कडांना लावलात तर पुढच्या उन्हाळ्यात फट शेजारच्या जोडावर पडेल. चॉक पावडरची लांबी किंवा गोंदात कालवलेला भुसा फक्त दुपदरी बांधणीच्या आतल्या थरात चालतो, जिथे वर दुसरा थर येणार आहे.

सुटलेली पट्टी पुन्हा बसवायची तर जुना गोंद निघायलाच हवा, गोंदावर गोंद धरत नाही. पांढरा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ होतो : ब्रशने जोडावर सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पातळ ब्लेड सरकवा. ट्यूबच्या गोंदाला अॅसिटोन लागतं. दोन्ही ज्वालाग्राही आहेत, खिडकी उघडी ठेवा आणि शेगडी-उदबत्ती लांब. आणि चपडाही अल्कोहोलमध्ये विरघळतो, तेव्हा त्या जागेचं पॉलिश जाणार, हे आधीच धरून चला.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

लागोपाठ तीन-चार पट्ट्या बल्कहेडवरून सुटल्या असतील, किंवा कणा पिळला असेल : हे घरी रेटू नका. बारीक काम करणारा सुतार किंवा जहाजं बांधणारा जाणता माणूस गाठा. त्याने ‘नवं बांधणं सोपं’ म्हटलं तर बहुतेक वेळा ते खरं असतं.

बदली पट्ट्या कापायच्या असतील तर दीड-दोन मिलिमीटरच्या चिरफळ्या स्वतः कटर मशीनवर पाडू नका. एवढी पातळ पट्टी ब्लेड ओढून घेतं, आणि तिच्यामागे बोटं असतात. वखारीतल्या बँडसॉवाल्याला किंवा सुतारनानांना जाडी सांगा, थोडी जास्तच कापून घ्या, बाकी घरी पॉलिश पेपरवर उतरवा.

मैद्यासारखी पूड आणि गोल भोकं असतील तर आत भुंगा आहे. जहाज ताबडतोब जाड प्लास्टिकमध्ये बांधून घरातल्या इतर लाकडापासून वेगळं करा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा. भोकं बुजवून भुंगा मरत नाही, तो आतल्या आत पोखरत राहतो. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. मग प्रश्न जहाजापुरता उरलेला नाही, भिंत आणि दाराच्या चौकटी तपासून घ्या.

आजोबा-पणजोबांच्या वेळचं, जुनं जहाज असेल तर फुंकरसुद्धा घालू नका. अल्कोहोल नाही, मेण नाही, पिशवीची कसोटीही नाही. जुना रंग आणि जुना गोंद कशाने विरघळेल याचा नेम नसतो. संग्रहालयाच्या वस्तू जतन करणाऱ्या माणसाचं ते काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशा जतनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथे आधी फोटो पाठवून विचारा, जहाज घेऊन थेट जाऊ नका.

तोफा आणि नांगरांवरची पांढरी भुकटी शिशाची असू शकते. बंद काचपेटीत एमडीएफ किंवा काही लाकडांतून आम्लाची वाफ निघते आणि शिसं गंजून त्याची भुकटी होते. ती विषारी आहे. हातमोजे आणि मास्क घाला, झाडू नका, फुंकू नका, मुलांना खोलीबाहेर ठेवा. ओल्या कागदाने टिपून तो कागद पिशवीत बंद करा, पेटी उघडी ठेवून हवा खेळू द्या. भाग फार मोलाचे नसतील तर पितळी किंवा रेझिनचे बसवा. मोलाचे असतील तर ते घासू नका, वर सांगितलेल्या जतन करणाऱ्यालाच दाखवा.